सिग्नलला बंद पडते, रिव्हर्सला खर्रर करते: जुन्या गाडीत आधी काय बघायचं

नाशिकमध्ये द्वारकेला संध्याकाळी साडेसहाला जुनी गाडी घेऊन अडकलात की काय होतं ते ज्याचं त्यालाच माहीत. मागे बस हॉर्न मारतेय, बाजूला रिक्षा घुसलीय, आणि आपली गाडी दोनदा थरथरते आणि बंद. सेल्फ मारला की लगेच चालू होते पण फर्स्ट टाकायला गेलं तर गिअर आत जात नाही, आणि गेलाच तर खट्‌कन आवाज करून जातो आणि सगळी गाडी हलते. आमच्याकडे ९७ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली, चार गिअरची, वडिलांनी नवीन घेतलेली, एमएच १५ पासिंग, आणि मागच्या चार-पाच वर्षांत तिच्या आयडल (रेस न देता इंजिन नुसतं फिरतं तो वेग) आणि गिअरमागे मी इतके रविवार घातलेत की आता नीट लिहूनच काढतो, कुणाचे तरी पैसे वाचतील.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. आयडल आणि गिअर हे दोन वेगळे आजार आहेत असं समजून दोन वेगळीकडे पळू नका. जुन्या गाडीत बऱ्याचदा एकाचं दुखणं दुसऱ्यात दिसतं. गाडी सिग्नलला बंद पडते म्हणून कुणीतरी आयडलचा स्क्रू पिळून रेस वाढवून देतो, गाडी बंद पडायची थांबते, आपण खूश होऊन घरी येतो, आणि आठ दिवसांत गिअर खरखरायला लागतात. कारण साधं आहे. क्लच दाबला की गिअरबॉक्सचा आतला शाफ्ट इंजिनपासून सुटतो आणि हळूहळू थांबतो, इंजिन मिनिटाला ८५० फेऱ्यांवर फिरत असेल तर तो पटकन थांबतो, १५०० वर फिरत असेल तर जास्त वेळ घेतो, आणि क्लच थोडा जरी अर्धवट सुटत असेल तर तो थांबतच नाही. बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर जुळण्याआधी दोन्हीचा वेग सारखा करणारी पितळी रिंग) नसतो, म्हणून पहिला आवाज तिथेच येतो.

आमचं नेमकं हेच झालं होतं. एका गॅरेजला दाखवली तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल, सिंक्रो गेलेत, चौदा हजार धरून चाला असं सांगितलं, गाडी रॅम्पवर न घेता, फक्त लिव्हर हलवून. वडील तयारही झाले होते. मी म्हटलं पप्पा आठ दिवस थांबा, मला बघू द्या. त्या आठ दिवसांत जे सापडलं त्यात एक रबराचा पाईप होता, एक क्लच केबल, एक माउंटिंग आणि लिव्हरखालचे दोन बुश, सगळं मिळून मजुरीसकट चार हजाराच्या आत, आणि गिअरबॉक्स आजपर्यंत उतरलेला नाही.

आता क्रम सांगतो. पाना हातात घ्यायच्या आधी दोन दिवस नुसतं लिहून ठेवा की त्रास नेमका कधी होतो. सकाळी थंड असताना बंद पडते की गरम झाल्यावर? एसी लावल्यावर? पाऊस पडल्यावर? पेट्रोल भरल्यानंतर? गिअर थंड असताना कडक आणि दहा किलोमीटरनंतर मऊ, की उलटं? यात अर्धं निदान होऊन जातं. थंड असताना बंद पडते आणि गरम झाली की ठीक, तर चोक (थंड इंजिनला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून हवा अडवणारी झडप) आणि टॅपेट (इंजिनच्या झडपांची फट) बघा. गरम झाल्यावर बंद पडते तर हवा ओढणं, सोलेनॉइड, कॉइल. फक्त पावसात तर करंटची बाजू. मिस्त्रीकडे गेल्यावर पण नुसतं "गाडी नीट चालत नाही" म्हणू नका, "गरम झाल्यावर सिग्नलला बंद पडते, सकाळी पडत नाही" असं सांगा, त्याचा अर्धा तास वाचतो आणि तो तुमचं जास्त लक्षपूर्वक ऐकतो.

काम करताना हँडब्रेक वर, चाकाला दगड, गाडी न्यूट्रलला, आणि गाडी बंद गाळ्यात किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात चालू ठेवून आयडल सेट करत बसू नका, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. फॅनपासून ओढणी, बाही, घड्याळ लांब. गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर कधीच नाही.

आयडलपासून सुरू करू, आणि आयडलमध्ये पण कार्बोरेटरपासून नाही. सगळे पहिला हात कार्बोरेटरला घालतात, मी शेवटी घालायला सांगेन. पहिले बघा गाडी चोरून हवा ओढतेय का. इंजिनला जी हवा कार्बोरेटरमधून जायला पाहिजे ती जर एखाद्या फाटक्या पाईपातून आत शिरली तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते, आयडलला गाडी कधी वर कधी खाली झुलते आणि मग बंद पडते, पण रेस दिली की चांगली पळते, कारण जास्त रेसला तेवढ्या चोरट्या हवेने फरक पडत नाही. बॉनेट उघडून इंजिन गरम करून आयडलला ठेवा आणि मॅनिफोल्डकडून (कार्बोरेटरमधलं मिश्रण सिलिंडरपर्यंत नेणाऱ्या नळीकडून) जाणारा एकेक रबरी पाईप बोटांनी किंवा कापड गुंडाळलेल्या पकडीने दाबून बघा, डिस्ट्रिब्युटरकडे (प्लगना करंट वाटणाऱ्या डब्याकडे) जाणारा बारीक पाईप, ब्रेकचा बूस्टर असेल तर त्याचा जाडा पाईप, पीसीव्हीचा (इंजिनच्या पोटातला वायू परत आत ओढणारा) पाईप, एसीवाल्या गाडीत रेस वाढवायच्या डब्याचा पाईप. एखादा दाबल्यावर इंजिन सुधारलं तर त्या बाजूला गळती आहे. मॅनिफोल्डची आणि कार्बोरेटरच्या खालची पॅकिंग तपासायला साध्या स्प्रेच्या बाटलीत पाणी घ्या आणि जोडावर बारीक फवारा मारा, तिथून हवा ओढत असेल तर आवाज क्षणभर बदलतो. काही लोक यासाठी कार्बोरेटर क्लीनर मारतात, गरम सायलेन्सरच्या पाईपवर तो उडाला तर पेट घेतो, मी स्वतः पाण्यावरच करतो. फक्त डिस्ट्रिब्युटरवर पाणी नको.

आमच्या गाडीत सापडला तो बारीक पाईप वरून एकदम धडधाकट होता. काळा, चकचकीत, कुणी म्हटलं नसतं खराब आहे. काढून हातात घेऊन वाकवला तेव्हा टोकाजवळ, जिथे तो नळीवर बसतो तिथे, खालच्या बाजूने नखाएवढी चीर उघडली, आणि सोडला की परत मिटली. म्हणजे नुसतं डोळ्यांनी बघून चालत नाही, प्रत्येक पाईप काढून वाकवून बघायचा. नवीन अर्धा मीटर पाईप शंभर रुपयाच्या आत आला.

पाईपांचं अजून एक. आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं, आणि नव्वदच्या दशकातल्या गाड्यांचे रबरी पाईप, डायफ्राम, ओ-रिंग त्या हिशोबाने बनवलेले नव्हते. रबर फुगतं, चिकट होतं किंवा कडक होऊन तडकतं. पेट्रोलचे सगळे पाईप एकदा चांगल्या प्रतीचे बदलून टाका, टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंत, यात कंजुषी करू नका कारण इथे गळती म्हणजे आग. दुसरं, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण थोडं पातळ पडतं, आयडलला गाडी कोरडी चालल्यासारखी वाटते. आणि इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून महिना महिना उभी राहणारी गाडी असेल तर टाकीत थोडंसं जुनं पेट्रोल ठेवून पावसाळा काढू नका. आठवड्यातून एकदा गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जरी फिरवून आणली तरी कार्बोरेटर साफ राहतो.

मग करंट. तिन्ही प्लग काढून ओळीत ठेवा, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते खडूने लिहून. तिन्ही काळे काजळी धरलेले असतील तर पेट्रोल जास्त, तिन्ही पांढरट असतील तर हवा जास्त, आणि एकच ओला आणि बाकी दोन चांगले असतील तर कार्बोरेटरला दोष देऊ नका, त्या एका सिलिंडरचा प्लग, वायर किंवा कॉम्प्रेशन बघा. ८०० ला तीनच सिलिंडर, त्यातला एक मारला गेला तर आयडलला गाडी अक्षरशः नाचते. पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर असेल तर पॉइंटचा गॅप ०.४ ते ०.५ मिलिमीटर, प्लगचा ०.७ ते ०.८, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) दोनशे-अडीचशेला मिळतो, अंदाजाने पत्त्याचं पान किंवा ब्लेड घालू नका. झाकण काढून आत बघा, कार्बनची रेघ पडली असेल तर घासत बसण्यापेक्षा बदला. वायर परत लावताना फायरिंग ऑर्डर १-३-२, दोन वायरी उलट लागल्या की लोक टायमिंग बिघडलं म्हणून दिवसभर शोधत बसतात. पावसाळ्यात त्र्यंबक रोडला जाऊन आलात आणि गाडी फक्त त्या दिवशी मिसिंग मारते, तर रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवून वायरींकडे बघा, खराब वायरीवर निळ्या ठिणग्या रांगताना दिसतात. हात लावू नका.

टॅपेट पण याच टप्प्यावर. एक्झॉस्टचा टॅपेट टाइट झाला की टक टक आवाज येत नाही, उलट गाडी शांत वाटते आणि आयडल बिघडतं. आवाज नाही म्हणजे टॅपेट चांगले असं नसतं. मॅन्युअलमधल्या मापाप्रमाणे थंड इंजिनवर करून घ्या, मिस्त्रीला अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे.

एवढं झालं की मग कार्बोरेटर. पहिलं सोलेनॉइड, म्हणजे कार्बोरेटरच्या अंगावर एक वायर गेलेला छोटा गोल डबा असतो तो. चावी ऑन करा, गाडी चालू करू नका, ती वायर काढून परत टेकवा, टिक असा बारीक आवाज आला पाहिजे. आला नाही तर आयडलचं पेट्रोलच बंद आहे, रेसवर गाडी चालेल आणि पाय सोडला की बंद, आणि लोक या एवढ्याशा वायरीच्या सैल पिनेसाठी पूर्ण कार्बोरेटर किट टाकून घेतात. मग चोक. नॉब आत ढकललं तरी झडप पूर्ण उघडते का ते फिल्टर काढून डोळ्याने बघा, केबल गंजून अर्ध्यात अडकलेली असते. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एकदम खाली जातो, नाशकातही सकाळी बोटं वाकत नाहीत, तेव्हा चोक ओढून सोडायचा विसरतो आपण आणि चार-पाच दिवस गाडी पेट्रोल पिऊन काळी होते.

आयडलचं पेट्रोल सोडणारा स्लो जेट बुजला असेल तर आयडल राहतच नाही. तो पितळेचा एवढुसा स्क्रू असतो, काढून सूर्याकडे धरून एक डोळा मिटून बघायचा, आरपार टाचणीच्या टोकाएवढा गोल उजेड दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला तर कचरा आहे. क्लीनरमध्ये बुडवून, उलट बाजूने हवा मारून साफ करायचा. त्यात स्टीलची तार किंवा सुई घालू नका, पितळ मऊ असतं, भोक एकदा मोठं झालं की तो जेट संपला. पिंपळगाव-ओझरच्या बाजूला मळ्यातल्या कच्च्या रस्त्याने रोज जाणं-येणं असेल तर एअर फिल्टर कंपनीने सांगितलंय त्याच्या निम्म्या अंतराला बदला, हा सगळा कचरा तिथूनच येतो.

आता सेटिंग. इंजिन पूर्ण गरम, रेडिएटरचा फॅन एकदा फिरून थांबलेला, चोक आत, फिल्टर जागेवर, लाईट-एसी बंद. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या, आवळायचा नाही, नाहीतर सुईचं टोक खराब होतं, मग साधारण अडीच फेरे बाहेर. गाडी चालू करून रेसच्या स्क्रूने आयडल ९०० च्या आसपास आणा. मग मिक्श्चर पाव-पाव फेरा आत-बाहेर करत जिथे इंजिन सगळ्यात जोरात आणि एकसारखं चालतं ती जागा शोधा, रेसच्या स्क्रूने परत खाली आणा, परत मिक्श्चर, असं दोन-तीनदा. ८०० मध्ये आरपीएमचा काटा नाही, म्हणून लेझरवाला टॅकोमीटर घ्या किंवा कुणाचा तरी मागा, पुलीवर चमकी पट्टीचा तुकडा चिकटवला की आकडा दिसतो. कानावर भरवसा ठेवू नका, मला १००० वाटत होतं ते मोजल्यावर १४५० निघालं होतं. आणि गाडी मुंबईहून आणलेली असेल तर इथे परत सेट करावीच लागते, नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, इथली हवा तिथल्यापेक्षा पाच-सहा टक्के विरळ, म्हणून मुंबईत सेट केलेला कार्बोरेटर इथे पेट्रोल जास्त देऊन थोडा काळा मारतो.

एक युक्ती जी मला फार उपयोगी पडली ती म्हणजे पीयूसीची पावती. अशा जुन्या पेट्रोल गाडीची पीयूसी आयडललाच मोजतात, आणि त्या पावतीवर कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन असे दोन आकडे छापलेले असतात. जुन्या, म्हणजे भारत स्टेज २ च्या आधीच्या चारचाकीला मर्यादा अनुक्रमे ३ टक्के आणि १५०० पीपीएम. आपण पास झालो की पावती घडी करून डॅशबोर्डमध्ये टाकतो, पण ती वाचा. पहिला आकडा अडीचच्या पुढे म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पहिला एकदम कमी आणि दुसरा हजाराच्या वर, म्हणजे जळायचं पेट्रोल न जळता बाहेर पडतंय, मिसफायर आहे किंवा कुठूनतरी हवा ओढतेय. आमच्या गाडीचं दुसऱ्या प्रकारचं होतं आणि आधीच्या तिन्ही पावत्यांवर ते स्पष्ट छापलेलं होतं, कुणी वाचलंच नव्हतं. सेटिंग झाल्यावर सेंटरवाल्या दादाला विनंती करून परत एकदा नळी घालून घ्या, त्याची जी काही फी असेल ती द्या.

गाडी एमपीएफआय असेल, म्हणजे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हिशोबाने पेट्रोल फवारणारी, २००० नंतरच्या बहुतेक, तर यातलं स्क्रूचं काही करू नका. तिथे थ्रॉटल बॉडी आणि आयडलचा हवेचा व्हॉल्व्ह काजळीने भरतो, तो साफ करायचा, पाईप वरच्यासारखेच तपासायचे, आणि कूलंटच्या तापमानाचा सेन्सर बघायचा कारण तो चुकीचं थंड सांगत असेल तर गाडी गरम असूनही रेस खाली येत नाही. थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू कारखान्यात बसवलेला असतो, त्याला हात लावला की कॉम्प्युटरचा हिशोब चुकतो. बाकी खालचं गिअरचं सगळं दोन्हीला सारखंच.

आयडल जागेवर आलं? आता दोन दिवस गाडी चालवा आणि मग गिअरचं बघा. आमच्या गाडीत १४५० वरून ९०० वर आणल्यावर रिव्हर्सची खरखर निम्मी कमी झाली, गिअरबॉक्सला कुणी हात न लावता.

उरलेल्या निम्म्यासाठी एक सोपी तपासणी. इंजिन बंद ठेवून क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा. मग इंजिन चालू करून तेच करा. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, गिअरबॉक्स निर्दोष आहे. बंद असतानाही अडतात किंवा जागाच सापडत नाही, तर लिव्हर, रॉड, बुश किंवा बॉक्सच्या आतलं. अजून खात्री करायची तर आयडलला क्लच दाबून पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. पाच सेकंदांनंतरही खर्रर करतोय म्हणजे क्लच चिकटतोय, थांबल्यावर शांत पडतोय म्हणजे नुसता शाफ्ट फिरत होता. गिअरबॉक्स उतरवायला सांगणाऱ्याने यातलं काही केलंय का ते बघा, केलं नसेल तर गाडी घेऊन निघा.

क्लच सुटत नसेल तर पहिले केबल. पेडलला वरून हाताने दाबून बघा, साधारण १५ ते २५ मिलिमीटर मोकळं गेलं पाहिजे, दोन बोटांपेक्षा थोडं कमी. जास्त असेल तर क्लच अर्धाच सुटतो, काहीच नसेल तर सतत अर्धा दाबलेला राहून प्लेट घासते आणि चढाला गाडी नुसती गुरगुरते. गिअरबॉक्सकडच्या टोकाला नट असतो, त्याने जुळवायचं. नट संपेपर्यंत आवळूनही जुळत नसेल तर केबल ताणली गेलीय किंवा प्लेट संपलीय. केबल काढून सरळ धरून आतली तार ओढून बघा, कुठे रुतली किंवा तारेचे केस उभे राहिलेले दिसले तर तेल घालून वेळ काढू नका, कसाऱ्याच्या घाटात तुटते ती. आणि नवीन केबलही सहा महिन्यांत जळाल्यासारखी होत असेल, वरचं प्लास्टिक वितळलेलं दिसत असेल, तर इंजिनची अर्थिंग पट्टी तपासा. ती तुटली किंवा गंजली की सेल्फचा एवढा मोठा करंट क्लच केबल आणि रेसच्या केबलमधून वाट काढतो. आमच्याकडे दोन केबली अशा गेल्यावर एका म्हाताऱ्या मिस्त्री काकांनी पट्टीकडे बोट दाखवलं, म्हणाले, "बेटा, करंटला घरी जायचा रस्ता दे, नाहीतर तो खिडकीतून जाईल."

केबल चांगली आणि तरी सुटत नसेल, तर मग प्लेट-प्रेशर प्लेट. क्लच दाबल्यावर आवाज सुरू होतो तर रिलीज बेअरिंग, क्लच सोडल्यावर न्यूट्रलला घूं आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो तर बॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग. क्लच घसरतो का बघायला सपाट मोकळ्या जागी हँडब्रेक लावून, पुढे कुणी नाही बघून, तिसऱ्या गिअरला हळू क्लच सोडा, इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर प्लेट संपली. हे एकदाच करा, दहादा केलं तर तपासणीतच प्लेट जाईल.

आता माउंटिंग, आणि यावर मी मुद्दाम जास्त लिहितोय कारण आयडल आणि गिअर दोन्हीचा धागा इथे जुळतो आणि तरी कुणी बघत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही रबराच्या ठोकळ्यांवर बसलेले असतात, आणि लिव्हर तुमच्याजवळ बॉडीला. मधे एक लांब रॉड. माउंटिंगचं रबर फाटलं की आयडलला गाडी डॅशबोर्डपर्यंत थरथरते आणि आपण म्हणतो कार्बोरेटर खराब, आणि क्लच सोडताना इंजिन डुलतं, त्याबरोबर रॉड हलतो, म्हणून गिअर अडतो, नाहीतर रेस सोडल्यावर स्वतःहून न्यूट्रल होतो, आणि आपण म्हणतो गिअरबॉक्स खराब. दोन्ही खोटं. बॉनेट उघडा, एकाला आत बसवा, फूटब्रेक घट्ट, फर्स्ट टाकून क्लच अगदी थोडा सोडायला लावा आणि तुम्ही बाजूला उभे राहून, गाडीच्या पुढे नाही, इंजिन किती उचलतं ते बघा. मग रिव्हर्सला तसंच. थोडं हलणारच, पण एका बाजूने उडी मारल्यासारखं उचललं तर ते माउंटिंग गेलं. आमचं पुढचं माउंटिंग जागेवर असताना नुसती धूळ बसलेलं दिसत होतं, जॅकवर लाकडी फळी ठेवून इंजिनला खालून जरा आधार देऊन बोल्ट काढला तर रबर एका हातात आणि लोखंडी पत्रा दुसऱ्या हातात आला. मधे काहीच चिकटलेलं नव्हतं, कधीपासून इंजिन नुसतं वजनावर टेकलेलं होतं कोण जाणे.

त्याच दिवशी लिव्हरखालचे बुश. गाडी न्यूट्रलला ठेवून लिव्हरची मूठ डावी-उजवी हलवा, कढईत चमचा फिरवल्यासारखी सैल फिरत असेल तर बुश संपलेत. गाडीखाली रॉडच्या टोकाला हात घालून हलवलं तर मोकळी जागा बोटाला कळते. जुने बुश काढताना आमचे खडीसाखरेसारखे तुकडे होऊन पडले. नवीन जोडी दीडशे-दोनशेची, द्वारकेच्या बाजूच्या स्पेअरच्या दुकानांत सहज मिळते, ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये बंद झालं तरी पार्ट्सची अडचण अजून आलेली नाही. बसवताना थोडं ग्रीस, आणि रॉडचा क्लॅम्प सोडायच्या आधी त्याच्यावर मार्करने खूण करा, नाहीतर गिअरची जागाच बदलते आणि थर्ड शोधताना फर्स्ट सापडतो.

ऑइल राहिलं. गिअर ऑइल आयुष्यभर बदलायचं नसतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. थंडीत सकाळी पहिले दोन किलोमीटर सेकंड कडक जातो आणि मग सुधारतो तर बहुतेक ऑइलचाच प्रश्न. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, अशा जुन्या बॉक्सला साधारण ८० डब्ल्यू ९०, जीएल ४. दुकानदार जीएल ५ देऊन "वरचं आहे, चांगलं आहे" म्हणेल, घेऊ नका, ते डिफरन्शियलच्या जड दात्यांसाठी आहे, त्यातली रसायनं पितळेच्या सिंक्रोला चालत नाहीत आणि गिअर उलट खरखरायला लागतात. ऑइल काढायच्या आधी भरायचा बोल्ट सुटतोय का ते बघा, हे विसरलात तर रिकामा बॉक्स आणि जाम बोल्ट घेऊन बसाल. निघालेलं ऑइल पांढऱ्या ताटलीत धरून उन्हात बघा. बारीक सोनेरी भुकटी म्हणजे सिंक्रोची झीज, थोडी चालते. बोटाला टोचणारे लोखंडाचे कण म्हणजे दाते किंवा बेअरिंग, तिथे थांबा.

हे सगळं करून झाल्यावर पण काही राहिलं तर मग खरंच बॉक्सचं काम असू शकतं, आणि ते ओळखायला मी सिन्नरकडे मोहदरी घाटात जातो. उतारावर थर्डला पाय सोडून गाडी येऊ द्यायची, लिव्हरला हात न लावता, माउंटिंग आणि बुश नवीन असूनही गिअर सुटून न्यूट्रल झाला तर आतलं हब किंवा स्प्रिंग-गोळी झिजलीय. थर्डवरून सेकंडला येताना नेमका सेकंडच खरखरतो, बाकी सगळे शांत, आणि डबल क्लच मारला (मधे न्यूट्रलला एकदा क्लच सोडून परत दाबला) की तोही शांत पडतो, तर त्या एका गिअरचा सिंक्रो. असं नेमकं सांगून गाडी खोलायला दिली तर मिस्त्री फक्त तेवढंच करतो. खोललेले जुने पार्ट पिशवीत घालून परत मागा, आधीच सांगून ठेवा. क्लच प्लेट बदलायला बॉक्स उतरतोच, तेव्हा रिलीज बेअरिंग आणि ऑइल सील त्याच मजुरीत घालून घ्या.

नवीन केबल पहिल्या ४००-५०० किलोमीटरमध्ये थोडी बसते, तेव्हा पेडलची मोकळी चाल परत एकदा मोजून नट जुळवा. आणि आयडल कुणी वाढवून दिलं तर गाडी तिथून हलवायच्या आधी टॅकोमीटर लावून ९०० वर परत आणून घ्या.